बिनघंटेचा प्रयोग

हर्षदानं तिसरी घंटा दिल्याशिवाय त्या घरात कॅमेरा सुरू होत नसे.

घंटा पितळी होती, मुठीत मावेल एवढी. इचलकरंजीच्या ज्या हौशी नाट्यसंस्थेत ती काम करायची, तिथं विजेची नवी घंटा आली आणि ही अडगळीत पडली. हर्षदानं ती उचलून घरी आणली. नाटकाला तीन घंटा होतात हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. पहिलीला लोक हातातला वडा संपवतात, दुसरीला खुर्ची शोधतात आणि तिसरीला पडदा उघडतो. त्यानंतर दिसेल ते नाटक आणि बघणारा तो प्रेक्षक. हर्षदा आणि तिचा नवरा प्रसन्न यांनी हा नियम आपल्या खोलीत आणला होता. कॅमेरा प्रसन्ननं लावायचा, कारण संस्थेत प्रकाशयोजना तोच बघायचा. घंटा हर्षदानं द्यायची. एखाद्या दिवशी दुसऱ्या घंटेनंतर तिला वाटलं, आज नको, की घंटा उशीखाली जायची आणि दोघं पत्ते पिसत बसायची.

ही दोघं काय करत होती, ते सरळ सांगितलेलं बरं. आडवळणानं बोललं की साधी गोष्टही घाण वाटू लागते. चाळिशीच्या अलीकडची ही नवरा-बायको आपल्या शृंगाराच्या फिती स्वतः काढून इंटरनेटवर टाकत. तोंडावर संस्थेच्या पेटीतले कागदी लगद्याचे मुखवटे असत. खरं म्हणजे त्या फितींत निम्म्याहून जास्त भाग बोलण्याचाच असायचा. कधी गाडी चुकलेले दोन प्रवासी, कधी गच्चीवरून भांडणारे शेजारी. हर्षदाला संस्थेत जन्मभर नायिकेच्या बहिणीची नाहीतर कामवालीची भूमिका मिळाली. नायिका ती या एका खोलीतच होती. पैसे मिळत नव्हते आणि तिनं मागितलेही नव्हते. हौसेला मोल नाही म्हणतात, ते असं.

सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेल्या अशा फितींना कायद्यानं मोकळीक मिळून बरीच वर्षं झाली होती. आता भांडण पुढच्या स्टेशनावर येऊन थांबलं होतं: हौशी की व्यावसायिक? कंपन्यांना परवाना लागे, कलाकारांशी करार लागे, डॉक्टर लागे. घरच्या घरी हौसेनं करणाऱ्याला यातलं काहीच नको. मग कंपन्यांनी घराचीच सोंगं घ्यायला सुरुवात केली. स्टुडिओत खोटी स्वयंपाकघरं उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर मुद्दाम ओला टॉवेल टाकला जाऊ लागला. बघणाऱ्यांना 'खरं' हवं होतं आणि खऱ्याचं दुकान जोरात चाललं होतं. कुणी म्हणे, व्यावसायिक म्हणजे बाईचं शोषण आणि हौशी म्हणजे स्वातंत्र्य. कुणी म्हणे, कंपनीला निदान जाब तरी विचारता येतो, घराला कोण विचारणार? आधी खरं कुठलं आणि सोंग कुठलं ते कळू दे, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

ते सांगणारं यंत्र कोल्हापूरच्या मान्यता केंद्रात तयार झालं. त्याचं नाव निकष. हर्षदा तिथं नोकरीला होती आणि यंत्र घडवणाऱ्यांत तिचा मोठा वाटा होता.

निकषाचं तत्त्व फार अवघड नाही. हृदयाचा ठोका पडला की कातडीखाली रक्त येतं आणि तिचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्याला हे दिसत नाही, पण साध्या कॅमेऱ्याला दिसतं. म्हणजे कुठल्याही चित्रणातून माणसाची नाडी वाचता येते. खांद्यांवरून श्वास कळतो, मानेवरून आणि हातांवरून हालचालीची लय. आपल्याकडे कुणी बघतंय हे ज्याला माहीत असतं, त्याच्या मनात एक छोटा दिग्दर्शक बसलेला असतो. तो प्रत्येक हालचालीला जरासा अडवतो, 'थांब, असं नको, असं कर' म्हणतो. त्या अडवण्यानं नाडी, श्वास आणि हालचाल यांचा मेळ सुटतो. निकष हा सुटलेला मेळ मोजायचा आणि फितीला शंभरपैकी गुण द्यायचा. चाळीसच्या खाली गेली ती व्यावसायिक, नव्वदच्या वर गेली ती 'अस्सल हौशी'.

यंत्राला शिकवायला दोन्ही बाजूंचे नमुने लागतात. अभिनय म्हणजे काय ते दाखवायला हर्षदानं आपली अख्खी संस्था केंद्रात नेली. अभिनय नसणं कसं दाखवायचं, यावर तिनंच तोड काढली. काही कुटुंबांच्या परवानगीनं त्यांच्या घरात कॅमेरे बसवले आणि माणसं ते विसरून जाईपर्यंत वाट पाहिली. विसरल्यानंतरचं चित्रण तेवढं यंत्राला दिलं. संस्थेचे दिग्दर्शक मुरदंडे सर तालमीत तिच्यावर ओरडायचे, "प्रेक्षक विसर, पोरी! प्रेक्षक विसरलीस की खरी होशील." नाटकवाल्यांच्या हाडात ते वाक्य इतकं मुरलेलं असतं की त्यात खोट असेल ही शंकासुद्धा येत नाही. हर्षदालाही आली नाही. केंद्राच्या प्रमुख डॉ. देवस्थळी पुण्याच्या, कौतुकाच्या बाबतीत हात राखून वागणाऱ्या. त्याही म्हणाल्या, "हर्षदा, हे फारच छान सुचलं तुम्हाला."

एक सोय मात्र केंद्रानं खरोखर चांगली केली होती. तपासणाऱ्याला चित्र दिसत नसे. पडद्यावर नाडी, श्वास आणि हालचालीच्या तीन रेघा सरकत आणि कानात माणसांचे आवाज गाळून उरलेली खोलीची गुणगुण ऐकू येई. त्या रेघांवरून माणूस कोण हे केंद्रालाही शोधता येत नसे.

पाडव्यापासून निकषाचा शिक्का सक्तीचा होणार होता. आपल्या फिती आधीच देऊन मोकळं होऊ, ही कल्पना प्रसन्नची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निकाल आला: व्यावसायिक.

"एकतीस?" प्रसन्न फोनकडे बघत म्हणाला. "हर्षू, आपल्याला एकतीस?"

"मग काय झालं? मुखवटे घालायलोय, संवाद म्हणायलोय. अभिनय धरणारच की ते." हर्षदा भाकरी थापत होती. तिला हसू येत होतं.

"दोघांचे वेगवेगळे पण दिलेत. मला अडतीस हाईत. तुला चोवीस."

"बघ, नटी कोण ते कळलं का आता?"

प्रसन्न हसला नाही. "चोवीस म्हणजे किती खोटं असतंय गं? यंत्र तुझं हाय, तूच सांग."

तिनं सांगितलं. नीट, उदाहरणं देऊन सांगितलं. पण बायकोचं म्हणणं आणि यंत्राचं म्हणणं यांत काट्याची झुंज लागली की पुरुषमाणूस आकड्याच्या बाजूनं उभा राहतो. प्रसन्न वाईट नव्हता. आयटीआयत पोरांना वायरिंग शिकवायचा, सासूला दवाखान्यात न्यायचा, हर्षदाच्या प्रत्येक फुटकळ भूमिकेवर मनापासून स्पॉट टाकायचा. पण तो आकडा त्याच्या पायात काट्यासारखा मोडला. आमटी छान झालीय असं तो म्हणाला आणि ती हसली, की विचारायचा, "हे हसू किती गुणांचं?" आधी ती थट्टा होती. मग तिच्यातली थट्टा कधीतरी निघून गेली आणि प्रश्न तेवढा उरला.

त्याच सुमाराला केंद्रानं कोल्हापुरात जाहीर चर्चा ठेवली. सभागृह भरलं होतं. एका प्राध्यापकांनी हौशींची बाजू झोकात मांडली. प्रेमाला परवाना कसला, असं विचारून टाळ्या घेतल्या. मग कल्याणी वाघचौरे उठली. ही पूर्वी एका कंपनीच्या फितींत काम करायची आणि आता त्या कलाकारांच्या संघटनेची चिटणीस होती. सुती साडी, केसांत पांढरी बट. बँकेत भेटली असती तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

"कंपन्या काय देवमाणसांच्या नसतात," ती म्हणाली. "वाईट दिवस मीपण बघितलेत. पण आमच्यात सुरू करायच्या आधी विचारतात. मधेच मी 'थांबा' म्हटलं की थांबावं लागतं, करारात आहे ते. मी खोटं हसायचे, कबूल. पण मी हसतेय हे मला माहीत असायचं. तुमच्या त्या अस्सलवाल्या बाईला विचारलंय का कुणी?"

"पण अस्सलमध्ये सोंगच नाही ना," हर्षदा व्यासपीठावरून म्हणाली. "म्हणून तर ती मोकळी आहे."

"सोंग घ्यायचं की नाही ते ठरवायलापण, ताई, बघणारा कोण आहे ते आधी कळावं लागतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदाला राग आला. ही बाई नुसतं टाळीचं वाक्य बोलतेय, असं तिनं परतीच्या बसमध्ये स्वतःला हातकणंगले येईपर्यंत समजावलं.

पुढच्याच आठवड्यात सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या फिती पडताळणीसाठी तिच्याकडे आल्या. पहिलीला अठ्ठ्याण्णव होते. रेघा सुरेख होत्या. नाडी, श्वास, हालचाल तिन्ही एका तालात, निवांत. असं निर्मळ माणूस फार दिवसांनी बघितलं, असं वाटून तिला बरंसुद्धा वाटलं. मग तिनं हेडफोन कानाला लावला.

खटक-खट, खटक-खट, खटक-खट, खटाक.

इचलकरंजी हे मागांचं गाव. एकेकाळी तिथं गल्लोगल्ली यंत्रमाग धडधडायचे आणि लाईट जाऊन माग थांबले, की झोपलेली माणसं त्या शांततेनं दचकून जागी व्हायची. आता हवेच्या झोतावर चालणारी यंत्रं आली होती, ती नुसती फुसफुसतात. धोटा फेकणारे जुने माग फक्त मगदूम आबांनी हट्टानं चालू ठेवले होते. त्यांतल्या एका मागाचं चाक चिरलेलं होतं, त्यामुळे तीन ठोके सरळ पडायचे आणि चौथा लंगडायचा. मगदूम आबांचा तो कारखाना हर्षदाच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून होता.

तिनं फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. घंटा म्हणजे काही माणसाचा आवाज नव्हे, ती गाळली गेली नसती. त्यांच्या जुन्या प्रत्येक फितीत ती ठणठणीत ऐकू येई. इथं सुरुवातीला माग होता, पंखा होता आणि घंटा नव्हती.

रेघाही एकाच माणसाच्या होत्या. दुसऱ्याची नाडी यंत्राला सापडली नव्हती, म्हणजे तो सगळा वेळ कॅमेऱ्याकडे पाठ करून असणार. प्रेक्षकांकडे पाठ करू नये, हा नाटकातला पहिला धडा. जो ठरवून सतत पाठच करतो, त्याला प्रेक्षक कुठं बसलाय ते पक्कं ठाऊक असतं.

हर्षदाला आधी लाज वाटली. कान तापले, ऑफिसातले सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटलं. मग आपल्यालाच लाज का वाटावी, याचा तिला संताप आला. ती उठली, तोंड धुतलं, पाणी प्यायली आणि परत येऊन कामाला बसली. काम सोडून पळण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

तिनं कमी गुणांच्या फिती काढल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला नाडीनं एक उडी मारलेली होती. कॅमेरा सुरू झाला हे कळल्याची ती उडी होती, जणू काळजानंच दिलेली तिसरी घंटा. मग तिनं नव्वदच्या वरच्या फिती काढल्या. एकीत उडी नव्हती. दुसरीत नव्हती. पाचवी, दहावी बघितली, तरी सापडेना. त्या माणसांसाठी काही सुरूच झालं नव्हतं. ती आपापल्या घरात, लॉजच्या खोलीत, कुणावर तरी विसंबून निवांत होती. आणि तिच्या यंत्रानं त्यांना निवडून, शिक्का मारून, दुकानाच्या दर्शनी फळीवर मांडलं होतं. प्रेक्षक विसरलेला आणि प्रेक्षक आहे हेच ठाऊक नसलेला, या दोघांतला फरक तिनं निकषाला शिकवलाच नव्हता.

आपल्या खोलीचं तेवढं सोडून हर्षदानं सगळं सांगितलं आणि डॉ. देवस्थळींनी ते ऐकून घेतलं. बराच वेळ चष्मा पुसला.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण शिक्क्याचं ठरवणाऱ्या समितीला पटणार नाही. या रेघांना नाव नाही. उडी नाही म्हणजे माहीत नव्हतं, हा आपला तर्क झाला. कुणीतरी उभं राहून सांगायला हवं, की ही मी आहे आणि मला माहीत नव्हतं. असा माणूस आणणार कुठून?"

उत्तर त्यांच्यासमोर दोन पावलांवर उभं होतं, आणि त्याची किंमतही हर्षदाला दिसत होती. इचलकरंजीत सकाळी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत चार जण काढा घेऊन येतात. आई होती, भाऊ होता, आयटीआयतली पोरं होती. मुखवट्याआड जपलेली सगळी गंमत चव्हाट्यावर येणार होती. गप्प बसलं तर पाडव्याला शिक्का लागू होणार, आणि मग ज्याला ज्याला अठ्ठ्याण्णव हवेत तो तो घरातल्या माणसाला न सांगता कॅमेरा लावणार होता.

ती घरी आली तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. प्रसन्न लवकर आला होता आणि खुशीत होता. तिनं काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "हर्षू, एक सांगायचं होतं. रागावू नको."

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. तिला ते शेवटपर्यंत विसरता आलं नाही. तो चपापला नाही, उजळला. "तुला कळलं? अगं, मी म्हणत होतो ना! आपण खरं हाय. तू खरी हाईस. इतके दिवस त्या चोविसानं माझं डोकं खाल्लं होतं. आता मिटलं."

"मला विचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर परत चोवीसच आलं असतं की!" तो म्हणाला. हे बोलताना आपण काय कबूल करतोय, ते त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "आणि चेहरा झाकलाय मी. लोकांपुढं ठेवायच्या आधी तुझा चेहरा पूर्ण पुसून टाकला. कुणाला कळणार हाय?"

"मला कळलं."

"तू माझी बायको हाईस, हर्षू. परक्याचं घर हाय का हे? आपण आधीपण टाकायचोच की. त्यात आणि ह्यात फरक काय?"

हर्षदा फळीकडे गेली. तिनं घंटा उचलली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. वाजवली नाही.

"एवढाच," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे माग चालू होता. प्रसन्न घंटेकडे बघत राहिला. त्याला हळूहळू कळत गेलं, ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं. दिवे लावणारा माणूस, अंधारात काय झालं ते त्याला सांगावं लागत नाही. "मला फक्त बघायचं होतं," तो फार खालच्या आवाजात म्हणाला, "मी नसताना... म्हणजे, नाटक नसताना तू माझी हाईस का."

"होते की," हर्षदा म्हणाली. तिला रडू आलं आणि ती रडली, काही लपवलं नाही. "तेच तर बघितलंस तू. आणि लोकांना दाखवलंस."

त्या संध्याकाळी त्यानं फीत काढून टाकली. पण दुकानाच्या फळीवरून काढली, म्हणून ती जगातून थोडीच जाते.

समितीपुढं अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. संघटनेच्या वतीनं कल्याणी वाघचौरे होती. हर्षदानं रेघा दाखवल्या, उडी समजावली, आणि मग थांबून म्हणाली, "या अठ्ठ्याण्णववाल्या रेघा माझ्या आहेत. हर्षदा प्रसन्न तारदाळे. खोली माझी आहे. मला माहीत नव्हतं."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. डॉ. देवस्थळींनी मान खाली घातली. एक सदस्य खाकरून म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही नाटकात कामं करता. तुमच्याच सांगण्यावरून दिसतंय, की याआधी तुमच्याच यंत्रानं तुम्हाला चोवीस गुण दिलेत. मग आम्ही आज तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"लावा निकष," हर्षदा म्हणाली. "आत्ता, इथंच."

कॅमेरा तिच्याकडे वळवला. तिनं पर्समधून घंटा काढली आणि एकदा वाजवली. अध्यक्ष दचकले. "ती मी आहे," ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली. "मला माहीत नव्हतं." पडद्यावर आकडा आला. एकोणीस.

"म्हणजे हे खोटं," सदस्य म्हणाले.

"आता अध्यक्षांना लावा. सर, तुम्ही फक्त तुमचं नाव सांगा."

अध्यक्षांना गंमत वाटली. त्यांनी कोट सारखा केला, घसा साफ केला, आणि आयुष्यभर ज्या नावानं सह्या केल्या ते नाव गंभीर आवाजात सांगितलं. सव्वीस.

कल्याणी वाघचौरे मोठ्यानं हसली. ती एकटीच. मग अध्यक्षही हसले, आणि हसता हसता थांबले.

"सर, नाव तुमचंच आहे," हर्षदा म्हणाली. "फक्त कुणी बघतंय हे तुम्हाला माहीत आहे. त्याला तेवढंच कळतं. खरं-खोटं नाही कळत, हौशी-व्यावसायिक नाही कळत. ज्याला बघितलं जातंय त्याला ते माहीत होतं की नव्हतं, एवढंच कळतं. ज्याला आम्ही सोंग म्हणून गुण कापत होतो, ती त्या माणसाची परवानगी होती."

पाडव्याचा शिक्का रद्द झाला. निकष मोडीत निघाला नाही, तो उलटा लावला गेला. आता ज्या फितीला नव्वदच्या वर गुण मिळतात, ती आधी बंद होते आणि मग टाकणाऱ्यामार्फत त्यातल्या माणसाला हुडकून विचारलं जातं. हौशी चांगलं की व्यावसायिक, हा वाद चालूच आहे. तो चालायचाच, लोकांना बोलायला काहीतरी लागतं. निघताना जिन्यात कल्याणी हर्षदाजवळ आली. टाळीचं एखादं वाक्य टाकील असं वाटलं होतं. तिनं नुसता हर्षदाच्या हातातल्या जड पिशवीचा एक बंद धरला आणि बसथांब्यापर्यंत बरोबर चालली.

गावात नाव व्हायचं ते झालं. भावानं आठ दिवस फोन घेतला नाही. मुरदंडे सरांनी मात्र तालमीला बोलावलं आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मगदूम आबा कारखान्याच्या दारात उभे होते. तिला बघून म्हणाले, "पोरी, माझ्या मागावरनं वळखलंस म्हणं तू? चाक बदलायचं हुतं त्येचं. आता ऱ्हाऊ दे तसंच."

ती वर आली. प्रसन्ननं चहा केला होता. कॅमेरा, तिकाटणं, छोटे दिवे, सगळं त्यानं संस्थेत नेऊन दिलं होतं. खोलीच्या भिंती मोकळ्या दिसत होत्या.

"आता घरात एकबी कॅमेरा न्हाई," तो म्हणाला. "पाहिजे तर बघ सगळीकडं."

तिनं बघितलं नाही. तो खरं बोलत होता, यात तिला शंका नव्हती. पण आपण खुर्चीत कशा बसलोय ते तिचं तिला जाणवलं. पाठ ताठ होती, तोंड खोलीच्या मोकळ्या बाजूला होतं, कप असा धरला होता की हात चेहऱ्याच्या आड येऊ नये. ती सैल बसून बघायला गेली. सैल बसणंसुद्धा तिला करून दाखवावं लागलं.

"कसा झालाय?" त्यानं विचारलं.

साखर घालायला तो विसरला होता.

"छान," ती म्हणाली आणि हसली. शब्द वेळेवर आला, हसूही वेळेवर आलं. प्रसन्ननं सुटकेचा श्वास टाकला. तिच्या खऱ्या हसण्याला इतके दिवस गुण विचारणाऱ्या त्या माणसाला हे खोटं हसू लगेच पटलं.

तिनं कप खाली ठेवला. फळीवरची घंटा उचलली, पदरानं पुसली आणि पर्समध्ये टाकली.

"कुठं निघालीस?"

"आईकडं."

"कधी येशील?"

दारात थांबून तिनं विचार केला. या प्रश्नाला देण्यासारखी चार-सहा उत्तरं तिला सुचली, आणि त्यातलं कुठलंही तिनं छान वठवलं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग चपला घालताना वळून बघितलं. "चहात साखर न्हाई, प्रसन्न."